मल्हारी पगाऱ्यांची पृथ्वी

कर्ज फिटलं त्या दिवशी मल्हारी पगारे दुपारी तीन तास झोपला. गेल्या चार वर्षांत तो दुपारचा कधी आडवा झाला नव्हता. उठून त्याने चूळ भरली, कपाळावरचे केस मागे सारले आणि बायकोला, कुसुमला, जाहीर केलं की आजपासून या घरात कुणाकडून काही मागून आणायचं नाही. उसनं तर नाहीच, फुकटही नाही. विरजणसुद्धा नाही.

"मग दही कसं लावायचं?" कुसुमने विचारलं.

"नाही लावायचं."

कुसुम शिवणयंत्रावर कुणाचातरी ब्लाउज शिवत होती. तिने एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा पाय चालवायला सुरुवात केली. लग्नाला सहा वर्षं झाली होती. नवऱ्याच्या कुठल्या घोषणेला उत्तर द्यायचं आणि कुठल्या घोषणेला नुसतं वाळू द्यायचं, हे तिला आता कळत होतं.

साल होतं त्र्याहत्तर. मल्हारी सातपूरच्या एका लहानशा कारखान्यात टाइमकीपर होता. नोकरी सांभाळून तो बी.ए. झाला, बिनपगारी रजा काढून बी.एड. झाला, आणि तो बी.एड. होऊन परत आल्यावर काही महिन्यांतच कारखाना बंद पडला. हिशेबाचे जे काही पैसे मिळाले ते शिक्षणासाठी आणि वडिलांच्या ऑपरेशनसाठी काढलेल्या कर्जात पुरते गेले. म्हणजे आता त्याच्याकडे पदवी होती, डोक्यावर ओझं नव्हतं आणि खिशात काही नव्हतं. वसाहतीतले लोक म्हणायचे, आडनाव पगारे आणि पगार बंद. मल्हारीला हा विनोद पहिल्या वेळी सहन झाला. दहाव्या वेळी त्याने शाळांना अर्ज लिहायला घेतले.

अर्ज करायचे आणि तोवर काटकसरीने राहायचं, असा बेत होता. काटकसर ही गोष्ट कुसुम मुकाट्याने करत असे आणि मल्हारी समारंभपूर्वक. वर्तमानपत्र तो वाचनालयात उभ्याने वाचू लागला, कारण बसलं की वेळ जातो आणि वेळ गेला की भूक लागते. काडेपेटीतली एकेक काडी ब्लेडने उभी चिरून तिच्या दोन करायचा प्रयोगही त्याने केला. पाचव्या काडीला बोट कापलं. त्याने घाईने जी चिंधी बोटाला गुंडाळली ती गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची बाही निघाली. तेव्हापासून काड्या अखंड राहिल्या.

अर्जांना साक्षांकित नकला जोडाव्या लागत. त्यासाठी मोठ्या साहेबाची सही लागते, आणि सही मागणं हेही मागणंच. मल्हारी अडला. शेजारच्या चिंतामणराव गायधनींनी निवाडा दिला. "सही परत करावी लागत नाही, पगारे. तेव्हा ती उसनवारीत मोडत नाही." चिंतामणरावांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंचं उपाध्येपण चालत आलेलं होतं, पण त्यांनी स्वतः तीस वर्षं सरकारी जमीनमोजणीत काढली. निवृत्त झाल्यावर मोजायला जमीन उरली नाही, म्हणून ते शेजाऱ्यांची कामं मोजत.

सहीच्या साहेबाने पदवीवरच्या 'मल्हारी'ची वेलांटी दुसरी आणि रेशनकार्डावरच्या 'मल्हारि'ची पहिली आहे, तेव्हा ही दोन माणसं असू शकतात, अशी शंका काढली. मल्हारीने चार खेपा घालून आपण एकच आहोत हे पटवलं.

दिवाळीनंतर नांदगावच्या एका शाळेचं पत्र आलं. भूगोलाची जागा. पुढच्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मुलाखत; सातवीच्या वर्गावर 'दिवस आणि रात्र' हा नमुना पाठ घ्यावा; पाठासाठी लागणारं साहित्य उमेदवाराने स्वतः आणावं.

साहित्य म्हणजे पृथ्वीचा गोल. दुकानातला गोल परवडणारा नव्हता. वसाहतीच्या शाळेत कपाटावर एक धूळ खात पडला होता आणि तिथले मास्तर तो आनंदाने देतीलही, असं कुसुमने सुचवलं.

"मागायचा?" मल्हारीने विचारलं. त्या एका शब्दात एवढा दुखावलेपणा होता की कुसुमने विषय सोडला.

"मी करीन," तो म्हणाला. "कागदाचा. आपल्या घरात काय नाही?"

घरात काय नाही याची यादी कुसुमला पाठ होती. ती तिने म्हटली नाही.

कृती सोपी होती. जुना माठ उपडा घालायचा, त्याच्यावर खळीने कागदाचे थर चिकटवायचे, वाळले की आतून माठ फोडायचा आणि तोंडातून खापऱ्या काढून घ्यायच्या. खळीसाठी रेशनवर मिळालेल्या मिलोचं, त्या परदेशी लाल ज्वारीचं, पीठ होतंच. त्या वर्षी घराघरात मिलो होता आणि त्याची भाकरी कुणालाच आवडत नव्हती. पिठाचा इतका चांगला उपयोग वसाहतीत दुसरा कुणी केला नसेल.

पहिला थर लागत होता तेवढ्यात पलीकडच्या यशोदाबाई दारात आल्या. मल्हारीच्या कोपरापर्यंत चिकटलेल्या खळीकडे बघत त्या म्हणाल्या, "मेथी घातली का?"

"कशात?"

"खळीत. कागदाच्या लगद्यात मेथीची पूड नको का? नाहीतर कीड लागते. माझ्या सासूबाईंनी केलेली टोपली बावीस वर्षं टिकली."

"मावशी, मला सोमवारपर्यंतच टिकवायची आहे."

"नोकरी लागली की नंतर नको का टिकायला?" मेथी पडली. दोन दिवस खोलीत बाळंतिणीच्या लाडवांचा वास सुटला, आणि कुसुमकडे कपडे टाकायला येणाऱ्या बायका तिला बाजूला घेऊन हलक्या आवाजात चौकशी करू लागल्या.

शुक्रवारी गोल वाळला. माठ फोडायची वेळ आली. मल्हारीने तोंडातून उलथणं घालून जपून ठोके मारले. माठ फुटला, मोठ्या खापऱ्या बाहेर आल्या, पण तीनचार तुकडे आतच राहिले. ते निघेनात, तेव्हा तोंड तसंच कागदाने बुजवून टाकलं. गोल हलवला की खुळखुळ वाजे.

"पृथ्वीच्या पोटात काय वाजतंय?" चिंतामणरावांनी खुर्ची ओढत विचारलं. ते सकाळपासून आले होते. नकाशा काढणं हे आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाचं काम नाही, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. हातात टेप, कानावर पेन्सिल. "आधी विषुववृत्त. मग अक्षांश. एका अंशाने चुकलात की नाशिक सुरतेच्या रांगेत जाऊन बसेल, लक्षात ठेवा."

दुपारपर्यंत त्यांनी भारत काढला, इतका नेटका की पाहत राहावं. गोदावरी, तापी, सह्याद्री. मग त्यांनी आशिया काढला, चहा घेतला, आफ्रिका काढली, आणि संध्याकाळी पाच वाजता त्यांच्या लक्षात आलं की भारताला जरा जास्त जागा दिली गेली आहे. पॅसिफिक महासागराला जेमतेम चार बोटं उरली होती.

"समुद्राचं काय एवढं," ते म्हणाले. "तिथे कुणाचा सातबारा नाही." पण दोन्ही अमेरिका मात्र त्यांनी कशाबशा बसवल्या आणि सवयीने प्रत्येक देशाच्या कोपऱ्याला हद्दीचा दगड दाखवला.

रंगाचं काम भिकन अहिरेचं. भिकन मालेगावकडचा, अहिराणी बोलणारा, एका कारखान्यात यंत्रं रंगवायला होता. शनिवारी पाळी संपवून येताना तो सरळ मल्हारीकडे आला. "जय भीम मास्तर. काय करी ऱ्हायनात?" मल्हारीने सांगितलं. "मंग काय चिंता? मना जोडे रंग शे. डब्याच्या बुडाशी ऱ्हायेल, फोरमन फेकाले सांगस."

"फुकट नको," मल्हारी म्हणाला. मग भिकनची गावाकडची दोन पत्रं आणि मनीऑर्डरचा फॉर्म लिहून द्यायचा, असं ठरलं.

भिकनचा रंग हिरवा होता. लेथ मशीनला देतात तो हिरवा. दुसरा रंग नव्हता. त्यामुळे समुद्र हिरवा झाला आणि जमीन वर्तमानपत्राच्या रंगाची राहिली. ऑस्ट्रेलियावर सिमेंटच्या परमिटची जाहीर सूचना वाचता येत होती. शेवटचा हात फिरवताना ब्रशवरून एक थेंब गळला आणि इंग्लंड त्याच्याखाली गेलं.

"अरेरे," चिंतामणराव म्हणाले. "खरवडून काढू या."

"ऱ्हाऊ द्या बाबा," भिकन म्हणाला. "दीडशे वरीस त्यांनी आपल्याले झाकेल व्हतं."

आसासाठी मल्हारीने छत्रीचा दांडा काढला. छत्री मोडकी आहे अशी त्याची समजूत होती. ती मोडकी नव्हती, फक्त उघडत नव्हती, असं कुसुमचं म्हणणं पडलं. पण तोवर दांडा साडेतेवीस अंशांत कलून पृथ्वीतून आरपार गेला होता. सगळी वसाहत येऊन बघून गेली. रविवारी संध्याकाळी गोल कोपऱ्यात तयार उभा होता, आणि तो बघत बसलेल्या नवऱ्याला कुसुमने विचारलं, "पाठाची तयारी झाली का?"

मल्हारी दचकला. पाच दिवसांत त्याने पुस्तक उघडलं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे कुसुम रागावली नव्हती. ती एवढंच म्हणाली, "दिवाळीचं शिवण संपत आलं. पुढच्या महिन्यात भाऊबिजेचे ब्लाउज नसतात. बघा काय ते." आणि तिने त्याच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री करायला लोटीत निखारे भरले.

सोमवारी सकाळी सहाच्या बसला मल्हारी पृथ्वी कवटाळून उभा राहिला. कंडक्टरने आधी त्याच्याकडे आणि मग गोलाकडे बघितलं.

"हे काय?"

"पृथ्वी."

"लगेज लागेल." कंडक्टरने दरांचं पुस्तक उघडलं. तो प्रामाणिक माणूस होता आणि त्याला योग्य तेच तिकीट फाडायचं होतं. "भाजीपाला नाही. मडकी, कुंभारी माल?" त्याने गोल हलवून बघितला. खुळखुळ वाजलं. "आत काय आहे?"

"काही नाही. खापऱ्या."

"म्हणजे फुटका कुंभारी माल. त्याला दर नाही." मागचे लोक कुरकुरायला लागले. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. शेवटी कंडक्टरने तिकिटावर 'एक नग, गोल' असं लिहिलं आणि मल्हारीला पृथ्वीसह आत घेतलं.

आत बसायला एकच जागा होती, भागीबाई नावाच्या एका म्हातारीशेजारी. ती लेकीकडे मनमाडला निघाली होती. गोल मल्हारीच्या मांडीवर मावेना, तेव्हा तिने तो अर्धा आपल्या मांडीवर घेतला. "दे इकडं. नातवंडं खेळवलीत मी. ह्याच्यात आपण कुठं हाय?"

मल्हारीने नाशिक दाखवलं. मग चांदवड, मग मनमाड. चिंतामणरावांनी भारत मोठा काढल्याचा फायदा पहिल्यांदाच दिसला. म्हातारीने मनमाडवर बोट ठेवलं आणि ते चांदवड येईपर्यंत काढलं नाही, जणू बोट उचललं तर लेक सापडणार नाही.

चांदवडला बस दहा मिनिटं थांबली. मल्हारी तोंड धुवायला गेला. भागीबाईनेही पाय मोकळे करायला गोल स्टँडच्या बाकावर ठेवला आणि नळाकडे गेली. मल्हारी रुमालाने तोंड पुसत परत आला तेव्हा बाकाजवळ एक शेळी उभी होती. दुष्काळाचं वर्ष नुकतंच संपलेलं. बरगड्या मोजता येतील अशी ती शेळी होती, आणि मिलोचं पीठ, मेथी आणि वर्तमानपत्र एवढं सगळं एकत्र तिला जन्मात मिळालं नसावं.

तो धावला. शेळीने मान वर केली. तिच्या तोंडात ब्राझील होता.

"लय नाय खाल्लं," भागीबाई जवळ येऊन म्हणाली. "येकाच बाजूनं खाल्लंय."

सगळी दक्षिण अमेरिका गेली होती. तिथे मुठीएवढं भोक पडलं होतं आणि आतला काळोख दिसत होता. मल्हारी बाकावर बसला. पाच दिवस, माठ, छत्री, कुसुमचे निखारे, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. रडावं इतकी मोकळीक त्याच्या शिक्षणाने त्याला ठेवली नव्हती.

तेवढ्यात शेळीचा मालक आला आणि उलट तोच भांडू लागला. रंग खाऊन शेळी मेली तर भरपाई कोण देणार? मल्हारीने भूगोल, कायदा आणि नुकसान यांवर बोलायचा प्रयत्न केला. भागीबाईने त्याला बाजूला सारलं.

"तुझ्या शेळीनं ह्या मास्तराचा अर्धा मुलूख खाल्ला," ती मालकाला म्हणाली. "तो मागतोय का भरपाई? मंग तू काय मागतो? चल हो मास्तर, गाडी निघाली."

मल्हारीने मांडीवर पृथ्वी घेतली आणि भोकाची बाजू पोटाशी धरली. भागीबाई मनमाडला उतरताना त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "हिंदुस्थान हाय ना शाबूत? मंग कशाला जीव टाकतो."

शाळेत तीन उमेदवार होते. मल्हारीच्या आधीचा गोविंद कुलथे टेरिलीनचा शर्ट घालून आला होता, आणि त्याच्या गोलाला पितळी स्टँड होता. निवड समितीत संस्थेचे अध्यक्ष कोंडाजीअण्णा, हेडमास्तर आणि लिहून घ्यायला क्लार्क सावळीराम, असे तिघं मागच्या बाकावर बसले होते. कुलथ्याचा पाठ दारातून ऐकू येत होता. एक चूक नाही. वर्ग इतका शांत की पंख्याची कुरकुर ऐकू यावी. टॉर्च लावून त्याने दिवस केला, रात्र केली, फळ्यावर व्याख्या लिहिली आणि वेळेच्या आत संपवलं.

मल्हारी आत गेला आणि वर्ग हसायला लागला. मागे कोंडाजीअण्णांनी चष्मा वर केला. "मास्तर, तुमच्या पृथ्वीला भोक आहे."

मल्हारीने वाटेत दोनतीन भारदस्त खुलासे तयार केले होते. ते ऐन वेळी कुठे गेले कुणास ठाऊक. तो म्हणाला, "चांदवडला शेळीने खाल्लं."

मुलं बाकावर लोळायची बाकी राहिली. हेडमास्तरांनी डस्टर आपटलं. पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "गुरुजी, कुठला देश खाल्ला?"

"दक्षिण अमेरिका. तिथे बरेच देश आहेत."

"मग तिथं आता काय आहे?"

मल्हारीकडे टॉर्च नव्हती. खिडकीतून बाराच्या सुमाराचं ऊन टेबलावर पडलं होतं. त्याने गोल उचलून उन्हात धरला, भारत सूर्याकडे करून, आणि स्वतः पलीकडून बघितलं. भोक नेमकं त्याच्या बाजूला आलं होतं. आत मिट्ट काळोख.

"ये," तो त्या मुलीला म्हणाला. "इकडून बघ. नांदगावात भर दुपार आहे. तिथे काय दिसतं?"

तिने डोळा लावला. "रात्र," ती म्हणाली, आणि मग एकदम हळू आवाजात, "गुरुजी, खरी रात्र."

झालं. पंचेचाळीस पोरं जागेवरून उठली. प्रत्येकाला रात्र बघायची होती. मल्हारीने त्यांची रांग लावली, दांड्याभोवती पृथ्वी फिरवली, भोक उन्हाकडे आलं, उन्हाची तिरीप आत शिरली आणि पोरं ओरडली, "उजाडलं." मग नांदगाव अंधारात गेलं, तेव्हा मागच्या बाकावरच्या एकाने खरंच जांभई दिली. कुणीतरी विचारलं की पृथ्वीच्या पोटात काय वाजतं. मल्हारी म्हणाला, तिथपर्यंत अजून कुणी गेलेलं नाही, मोठं होऊन तू जा आणि मला कळव. समितीला तो साफ विसरला होता. नाशिक, कुसुम, नोकरी, सगळं विसरला होता. मधल्या सुट्टीची घंटा झाली, पण वर्गाबाहेर कुणी गेलं नाही.

ऑफिसात त्याला अर्धा तास बसवून ठेवलं. मग कोंडाजीअण्णांनी आत बोलावलं.

"हा गोल तुमचा स्वतःचा?"

"हो. घरी केला."

"शाळेकडे गोल नाही. कुलथ्यांचा मागून आणलेला आहे, आज संध्याकाळी परत द्यायचाय. तुमचा इथंच राहू शकेल?"

मल्हारीचा स्वाभिमान उभा राहिला. "म्हणजे नेमणूक माझी की गोलाची?"

अण्णांनी हेडमास्तरांकडे बघितलं. "मास्तर, एकट्या गोलाला शिकवता येत नाही," ते मल्हारीला म्हणाले. "पोरं अजून वर्गात बसलीत. मी या शाळेत अकरा वर्षं येतोय, मधल्या सुट्टीत वर्गात बसलेली पोरं आज बघितली. सहा महिन्यांची जागा आहे. परवापासून या."

सावळीराम क्लार्कने मात्र पेन खाली ठेवलं. गोलाची नोंद करायची तर पावती हवी. पावती नाही तर देणगी म्हणून घ्यावा लागेल. देणगी घ्यायची तर वस्तू पूर्ण हवी. बराच खल झाला. शेवटी त्याने नोंदवहीत लिहिलं, 'पृथ्वीगोल, कागदी, नग एक', आणि शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात, 'दक्षिण अमेरिका नाही.' त्याखाली मल्हारीची सही घेतली.

दिवेलागणीला मल्हारी सातपूरला उतरला तेव्हा कुसुम उंबऱ्यात बसून हुक लावत होती. बाजूला यशोदाबाई होत्या, चिंतामणराव खुर्ची घेऊन होते आणि भिकन पाळीवर जाता जाता सायकल धरून थांबला होता. सगळ्यांनी त्याच्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

"पृथ्वी कुठंय?" शेवटी कुसुमनेच विचारलं.

"नोकरीला लागली," मल्हारी म्हणाला. "नोंदवहीत चढली. कायम."

"आणि तुम्ही?"

"मी हंगामी. सहा महिने."

कुसुमने दोरा दाताने तोडला. हसू ओठांत मावत नव्हतं म्हणून तिने मान खाली घातली आणि ब्लाउजची घडी घालत म्हणाली, "मग काय काळजी? आता तिथं आपला वशिला आहे की."